पुढे निळा, मागे गंज

१

वडिलांची मोटारसायकल विकायला काढली तेव्हा तिला बघायला तीन जण आले. पहिल्या दोघांनी टाकीवर टिचकी मारून पाहिली, टायर दाबून पाहिले, कागदपत्रं चाळली आणि ‘फोन करतो’ म्हणून गेले. तिसरा मुलगा जाणकार होता. त्याने टाकीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो थेट उकिडवा बसला आणि इंजिनाच्या पुढून निघून वळण घेत मागे जाणाऱ्या नळीवर त्याने बोट ठेवलं. आपण ज्याला सरसकट सायलेन्सर म्हणतो, त्याचा हा पुढचा भाग. मेकॅनिक लोक त्याला बेंड पाइप म्हणतात. त्याच्या चकचकीत क्रोमवर, इंजिनाला लागून वीतभर जागेत, एक डाग होता. इंजिनाजवळ राखाडी-निळा, मग गडद निळा, मग जांभळा, तपकिरी आणि शेवटी वाळक्या गवतासारखा पिवळा होत विरून गेलेला.

“मॅडम, गाडी कुणीतरी फार पिळलीय,” तो म्हणाला. “पाइप निळा पडलाय बघा. पाच हजार कमी करा.”

मला आधी हसू आलं. माझे वडील शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी ती गाडी १९८८ साली घेतली आणि २०११ पर्यंत, म्हणजे तेवीस वर्षं, चालवली. त्या तेवीस वर्षांत काटा चाळिसाच्या पुढे गेलेला मी पाहिलेला नाही. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यापासून शाळा दीड किलोमीटर. जाणं, येणं आणि रविवारी फार तर सारसबाग. पानशेतचा घाट त्या गाडीने कधी पाहिला नाही. तिला पिळायचं म्हटलं असतं तरी पिळायला रस्ताच नव्हता.

पण हसू ओसरल्यावर एक प्रश्न मागे राहिला. डाग तर खरा होता. क्रोमवरचा रंग कुणी रंगवलेला नव्हता, आणि तो आपोआपही येत नाही. मी चौतीस वर्षं महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. धातू तापल्याशिवाय रंग बदलत नाही एवढं मला ठाऊक होतं. वडील गाडी जोरात चालवत नव्हते हेही तितकंच खरं. मग ही नळी तापली कशी आणि कधी? या साध्या प्रश्नाचा मी वर्षभर पाठपुरावा केला. उत्तर मिळालं, पण ते केवळ धातूचं निघालं नाही.

२

सुरुवात स्वयंपाकघरात केली. वाचकांपैकी कुणालाही हा प्रयोग करता येईल. हॅकसॉचं साधं, कार्बन पोलादाचं पातं घ्यावं. त्यावरचा रंग पॉलिश पेपरने घासून काढावा, पोलाद आरशासारखं नाही तरी लख्ख दिसू लागेपर्यंत. मग सांडशीत धरून त्याचं एक टोक गॅसच्या मंद आचेवर धरावं आणि उरलेल्या लख्ख भागाकडे पाहत राहावं.

थोडा वेळ काही घडत नाही. मग आचेच्या बाजूने फिकट पिवळी छटा उमटते आणि पात्यावरून पुढे सरकू लागते. तिच्यामागून तपकिरी येते, तपकिरीमागून जांभळी, जांभळीमागून गडद निळी, आणि निळ्याच्या मागे सगळं राखाडी होत जातं. रंगांची ही मिरवणूक नेहमी याच क्रमाने निघते. आच बंद केली की ती जिथल्या तिथे गोठते. पातं गार झाल्यावरही रंग तसेच राहतात.

मी ते पातं वडिलांच्या गाडीच्या नळीशेजारी धरलं. क्रम तोच होता. उष्णतेच्या उगमापाशी राखाडी-निळा, दूर गेल्यावर पिवळा. म्हणजे तो डाग हा एक नकाशा होता. इंजिनापासून निघालेली उष्णता नळीवर कुठवर आणि किती पोचली, हे रंगांच्या पट्ट्यांनी आखलेलं होतं.

लोहारांना हा नकाशा फार पूर्वीपासून वाचता येतो. लाल तापवून पाण्यात बुडवलेलं पोलाद कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. त्याचा ठिसूळपणा घालवायला ते पुन्हा हलकेच तापवावं लागतं. किती तापवायचं? भट्टीपाशी तापमापी नसे. रंग हीच तापमापी. साध्या पोलादावर फिकट गवती रंग साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला येतो. वस्तऱ्यासारख्या कडक धारेला तेवढं पुरतं. तपकिरी २६०च्या आसपास, जांभळा २८०ला. दगडावर वा लोखंडावर घाव घालणारी छिन्नी इथे थांबवायची. गडद निळा ३००च्या आसपास येतो, तो स्प्रिंगसाठी. जुन्या घड्याळांचे निळे काटे आणि निळे स्क्रू याच शेवटच्या पायरीवर जन्मलेले. ते रंगवलेले नसतात, तापवलेले असतात.

३

पण हा रंग असतो तरी काय? लोखंडाचा गंज तांबडा आणि ऑक्साइडचा जाड थर काळा. मग निळा कुठून आला?

रंग त्या पदार्थात नसतोच. तापलेल्या धातूच्या पृष्ठभागाशी हवेतला ऑक्सिजन संयोग पावतो आणि ऑक्साइडचा पारदर्शक पापुद्रा तयार होतो. तो इतका पातळ असतो की निळ्या रंगाच्या वेळी त्याची जाडी साधारण ७० नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा हजारावा भाग भरते. प्रकाश या पापुद्र्यावर पडला की काही प्रकाश वरच्या पृष्ठावरून परततो, आणि काही आत शिरून खालच्या धातूवरून परततो. हे दोन परतलेले प्रकाश एकमेकांत मिसळतात. एकाच्या लाटेचा उंचवटा दुसऱ्याच्या लाटेच्या खळग्यात पडला की तो रंग नाहीसा होतो. कोणता रंग नाहीसा होणार, ते पापुद्र्याच्या जाडीवर ठरतं. पापुद्रा अगदी पातळ असताना आधी निळा प्रकाश मारला जातो, म्हणून उरलेला पिवळा दिसतो. जाडी वाढली की हिरवा मारला जातो आणि जांभळा उरतो. आणखी वाढली की पिवळा-तांबडा जातो आणि निळा उरतो. साबणाच्या फुग्यावरचे रंग किंवा पहिल्या पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग याच जातीचे. निळ्या डागात निळं असं काही नसतं. तिथे असतो तो फक्त तांबड्याचा अभाव.

हे कळायला माणसाला बराच काळ लागला. १६६५ साली रॉबर्ट हूक यांनी ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात अभ्रकाच्या पापुद्र्यांवरचे रंग आणि तापवलेल्या पोलादावरचे रंग एकत्र विचारात घेतले आणि दोन्हींच्या मुळाशी पातळ थर आहे असं सुचवलं. न्यूटनने १७०४च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये पातळ थरांच्या रंगांची काटेकोर मोजमापं दिली. ते रंग लाटांच्या परस्परांत मिसळण्याने होतात, हे १८०१ साली टॉमस यंग यांनी मांडलं. तरी पोलादाबद्दलचा वाद संपला नव्हता. १९२२ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्याहून ‘नेचर’मध्ये तापवलेल्या पोलादाच्या रंगांवर टिपण लिहिलं. ज्या विषयासाठी त्यांना पुढे नोबेल मिळालं, त्याच्या सहा वर्षं आधीची ही गोष्ट. त्याच दशकात केंब्रिजच्या युलिक रिचर्डसन इव्हान्स यांनी धातूवरचा अदृश्य पापुद्रा प्रत्यक्ष सोडवून वेगळा करून दाखवला. ज्या डागापायी माझ्या गाडीचे पाच हजार कमी होत होते, त्याने मोठमोठ्यांना कामाला लावलं होतं.

४

रंग म्हणजे पापुद्र्याची जाडी, हे एकदा नीट समजलं की त्या मुलाच्या निदानातली पहिली फट दिसते. पापुद्रा कशाने जाड होतो? उष्णतेने, हे तर झालंच, पण वेळानेही.

मी त्याच पात्याचे आणखी दोन तुकडे घासून लख्ख केले आणि घरच्या ओव्हनमध्ये २३० अंशांवर ठेवले. एक पंधरा मिनिटांनी काढला, दुसरा चार तासांनी. पहिल्यावर गवताची जेमतेम छटा होती. दुसरा स्पष्ट तपकिरीकडे झुकलेला होता. तापमान तेच, धातू तोच, रंग वेगळा. तापमानाचा हात मोठा असतो हे खरं; दहा-वीस अंशांनी जो फरक पडतो तो मिनिटांनी पडत नाही. पण मिनिटांचे तास आणि तासांचे दिवस झाले की वेळही आपली सही करून जातो. लोहाराला रंगावरून तापमान कळतं, कारण त्याच्या कामाचा वेळ ठरलेला असतो. जिथे वेळ माहीत नाही तिथे रंग एकाच आकड्यात दोन गोष्टींचा गुणाकार सांगतो, आणि गुणाकारावरून अवयव ओळखता येत नाहीत. वडील वर्गात सांगायचे : बारा म्हणजे तीन चोक असतील किंवा सहा दुणे, नुसत्या बारावरून ठरवू नका.

दुसरी फट धातूची. मी सांगितलेले अंश साध्या पोलादाचे आहेत. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं, त्याचा पापुद्रा दाट असतो आणि सावकाश वाढतो. तिथे गवती रंगाला ३००हून अधिक अंश लागतात आणि निळा यायला ५००हून अधिक. वडिलांच्या गाडीची नळी पोलादाची, तिच्यावर निकेलचा थर आणि त्यावर क्रोमचा मुलामा. हा मुलामा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो आणि त्यालाही साध्या पोलादापेक्षा जास्त उष्णता सोसते. काही गाड्यांची नळी दुहेरी असते. आतली तापते, बाहेरची दिसायला कोरी राहते. अशी गाडी कितीही पिळली तरी तिच्यावर डाग दिसणार नाही. म्हणजे डाग नाही हाही पुरावा नव्हे.

तिसरी फट सगळ्यात मोठी, आणि ती वाऱ्याची आहे. जोरात पळणाऱ्या गाडीच्या नळीतून जास्त तापलेला वायू जातो, यात शंका नाही. पण गाडी पळते तेव्हा वाराही लागतो. ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर वेगाचा वारा समोरून नळीवर आणि इंजिनाच्या पंखांवर आदळत असतो. त्या काळच्या आपल्या बहुतेक गाड्यांना थंड करायला पाणी नव्हतं, पंखा नव्हता. होता तो एवढाच वारा. गाडी उभी असली की तोही नाही.

५

गाडी नाना पेठेत नेली. तिथे सुट्या भागांच्या दुकानांच्या रांगेत, एका बोळाच्या तोंडाशी, म्हातारे मिस्त्री बसतात. त्यांनी कितीतरी वर्षं फक्त जुन्या चार-स्ट्रोक गाड्याच उघडल्या आहेत. मी त्यांना डागाबद्दल विचारलं. त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. आधी ठिणगी वेळेवर पडते का ते पाहिलं. ठिणगी उशिरा पडली तर पेट्रोल नळीत जाईपर्यंत जळत राहतं आणि नळीचं तोंड तापतं. मग कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर चाचपलं. त्याला चीर असेल तर जास्तीची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, सावकाश जळतं, आणि पुन्हा तेच. व्हॉल्व्हची फट मोजली. सगळं ठीक निघालं. पुसलेल्या हातांनी विडी पेटवत त्यांनी विचारलं,

“सर गाडी उभी करून गरम करायचे का?”

“रोज,” मी म्हणाले. “शाळेत जायच्या आधी दहा मिनिटं. चोक ओढून, हलकी रेस देत.”

“बोळात?”

“बोळात.”

“मग झालं की ताई. पळवून नाही, उभी ठेवून निळी केलीय.”

घरी येऊन मी हिशोब मांडला; गणिताच्या मास्तरांची मुलगी दुसरं काय करणार. वर्षाला साधारण २२० शाळेचे दिवस, रोजची १० मिनिटं, २३ वर्षं. पन्नास हजार सहाशे मिनिटं. आठशे त्रेचाळीस तास. म्हणजे पस्तीस दिवस आणि पस्तीस रात्री ती गाडी आमच्या बोळात अखंड चालू होती आणि कुठेही गेली नाही. वारा नाही, वेग नाही. फक्त वाढलेले फेरे आणि नळीचं तोंड. त्या वीतभर जागेत पापुद्रा वाढत गेला, एका दमात नव्हे, थोडा थोडा. ज्या माणसाने गाडीला कधी धाप लागू दिली नाही, त्याने तिला काळजीने निळं केलं होतं.

६

ही काळजी आली कुठून? ती अंधश्रद्धा नव्हती. राजदूत, येझदी, लॅम्ब्रेटा यांच्या दोन-स्ट्रोक इंजिनांच्या काळात वाढलेल्या प्रत्येकाने ‘इंजिन जाम झालं’ हे शब्द ऐकलेले आहेत. अशा इंजिनात पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर बहुधा बिडाचा. शंभर अंश तापवली तर एक मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी सुमारे २.३ मिलिमीटर वाढते, बिडाची जवळपास निम्मी. थंड गाडीला किक मारून लगेच जोरात रेस दिली तर पिस्टन आधी फुगतो, सिलिंडर मागे राहतो, दोघांमधली फट संपते आणि पिस्टन आवळला जातो. तेव्हा ‘गाडी गरम झाल्याशिवाय पळवू नका’ हा सल्ला सोळा आणे बरोबर होता.

चूक झाली ती वाक्य ऐकण्यात. ‘पळवू नका’ याचा अर्थ लोकांनी ‘निघू नका’ असा घेतला. थंड इंजिनावर भार टाकायचा नाही हे खरं. पण त्याला उभं करून ठेवणं हा त्याला गरम करायचा सगळ्यात संथ मार्ग आहे. उभ्या गाडीत थोडंसंच पेट्रोल जळतं, थोडीच उष्णता निर्माण होते आणि इंजिन बराच वेळ अर्धवट थंड राहतं. त्या अवस्थेत चोक हवेचा मार्ग आवळून मिश्रण दाट करतो, कारण थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही. वाफ न झालेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळतं, तिथला तेलाचा पातळ थर धुऊन काढतं आणि खाली जाऊन इंजिनातल्या तेलात मिसळून ते पातळ करतं. ज्या झिजेपासून वाचवायचं, तिलाच आमंत्रण. तेल वर पोचायला वेळ लागतो म्हणावं तर पुण्यातल्या कडक थंडीतही पहाटेचा पारा सहसा आठ-दहा अंशांच्या आसपास थांबतो. एवढ्या गारव्यात तेल काही सेकंदांत वर चढतं. जिथे पारा शून्याच्या वीस-तीस अंश खाली उतरतो तिथल्या सवयी आपण फुकट उसन्या घेतल्या.

आणि मग मी गाडीच्या मागच्या टोकाकडे पाहिलं, जे त्या मुलाने पाहिलंच नव्हतं. सायलेन्सरच्या फुगीर नळकांड्याच्या तळाशी बोटाला पोपडे लागले. मी जरा दाबलं तर बोट आत गेलं. बाहेरून क्रोम शाबूत, आतून गंजाने खाल्लेलं.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण हिशोब सोपा आहे : पेट्रोलमधल्या हायड्रोजनला हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि वजन वाढतं. हे पाणी वाफेच्या रूपाने नळीतून बाहेर जातं. मात्र वाटेतला पत्रा थंड असेल तर तिथेच त्याचे थेंब होतात. थंडीच्या सकाळी नुकत्याच सुरू झालेल्या गाडीच्या सायलेन्सरमधून पाणी ठिबकताना आपण पाहतो, ते हेच. त्यात जळण्यातून आलेली आम्लं विरघळतात. गाडी अर्धा तास चालली तर मागचं टोकही तापतं आणि सगळं सुकून जातं. दीड किलोमीटरवर बंद केली तर पाणी तिथेच राहतं, दुसऱ्या दिवसापर्यंत.

म्हणजे एकाच सवयीने नळीच्या दोन टोकांना दोन उलट गोष्टी लिहिल्या होत्या. पुढचं टोक गरजेपेक्षा जास्त तापलं, कारण गाडी उभी होती. मागचं टोक गरजेइतकं कधीच तापलं नाही, कारण ती फार थोडी चालली. पुढे निळा, मागे गंज. नुसता निळा पाहिला तर गाडी पिळलेली वाटते. दोन्ही टोकं एकत्र वाचली तरच वडील दिसतात.

७

इथे हा लेख संपायला हवा होता. पण संशोधनात साक्षीदार विचारायचे राहिले तर ते अपुरं राहतं, म्हणून एका दुपारी मी वरच्या माळ्यावरच्या काकूंकडे गेले. त्या आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. वाड्यात आता आमची आणि त्यांची अशी दोनच बिऱ्हाडं उरली आहेत. मी त्यांना विचारलं, अण्णा सकाळी गाडी किती वेळ चालू ठेवायचे, आठवतं का?

“न आठवायला काय झालं,” काकू म्हणाल्या. “अगं, अण्णांची गाडी सुरू झाली की मी दूध उतरवायचे आणि खिडकी लावून घ्यायचे. ती गेली की पुन्हा उघडायचे. पावणेसात ते सात.”

“खिडकी का लावायच्या?”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “मला दमा नाही का? धूर सगळा वर यायचा. बोळातून दुसरीकडे जाणार कुठे?”

मला त्यांचा दमा लहानपणापासून माहीत होता. तो धुराने झाला असं मी म्हणणार नाही. तो आधीपासूनच होता. पण दाट मिश्रणावर चालणाऱ्या थंड इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेलं पेट्रोल सगळ्यात जास्त बाहेर पडतं, हे मी वर्गात शिकवत आले होते. शिकवत असताना खालून तीच गाडी सुरू होत होती. तेवीस वर्षांत मला ही दोन वाक्यं शेजारी ठेवायचं सुचलं नाही.

“तुम्ही कधी बोलला नाहीत,” मी म्हणाले.

“काय बोलायचं? आमच्या सुरेशला दहावीपर्यंत अण्णांनी गणित शिकवलं, पैसा घेतला नाही. दहा मिनिटं खिडकी लावली तर काय बिघडलं?” मग थोडं थांबून म्हणाल्या, “आणि ते इतकं जपून करायचे सगळं. त्यांना सांगितलं असतं तर त्यांना फार वाईट वाटलं असतं.”

वाटलं असतं. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली असती. मी त्यांना ओळखते.

८

एप्रिल २०२० पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकी बीएस-सहा निकषांच्या आहेत. चोक गेला. इंजिन किती थंड आहे हे संवेदक मोजतो आणि पेट्रोल किती द्यायचं ते छोटा संगणक ठरवतो. नळीत धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक बसवलेला असतो. पण तो साधारण २५० ते ३०० अंश तापल्याशिवाय नीट कामाला लागत नाही, आणि उभ्या गाडीत तो तापायलाही वेळ लागतो. म्हणजे उभं राहून गरम करण्याचं उरलंसुरलं कारण संपलं, तोटा मात्र तसाच आहे. तरीही रोज सकाळी आमच्या पेठेत सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या उभ्या उभ्या घुमत असतात, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावून घेत असतं.

करायचं ते थोडं आहे. गाडी सुरू करावी. हेल्मेटचा पट्टा लावेपर्यंतचा अर्धा-एक मिनिट पुरे. जुनी असेल तर इंजिन तग धरू लागताच चोक मागे घ्यावा. मग निघावं, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या हाताने, फेरे न वाढवता चालवावी. भार हळूहळू येतो, तेलही तापतं, वारा नळीला लागतो. नेहमी जवळच्याच फेऱ्या असतील तर आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवावी, म्हणजे सायलेन्सर आतून सुकेल. बऱ्याच सायलेन्सरच्या तळाला पाणी जाण्यासाठी एक बारीक भोक असतं. गळतंय म्हणून ते बुजवू नये. आणि जुनी गाडी घेताना नुसता निळा रंग पाहून मालकाच्या स्वभावाबद्दल मत बनवू नये. एकदा वाकून मागचं टोकही पाहावं.

गाडी शेवटी त्या तिसऱ्या मुलालाच विकली. मी त्याला दोन्ही टोकं दाखवली. निळ्या डागाचे पाच हजार कमी केले नाहीत; गंजलेल्या सायलेन्सरचे अडीच हजार मात्र मी आपणहून सोडले, कारण तो दोष खरा होता. तो हसला. त्याने कागदांवर सही केली, किल्ली घेतली आणि बोळात उतरून किक मारली. दुसऱ्या किकेला गाडी बोलली. मग त्याने चोक ओढला आणि सवयीने तिथेच उभा राहून हलकी रेस देऊ लागला.

मी वर पाहिलं. काकूंची खिडकी उघडी होती.

“निघा तुम्ही,” मी म्हणाले. “वाटेत गरम होईल ती.”